कोलोरॅडोचे न्यायाधीश-मूल्यमापन: उपयुक्त, पण शेरे सौम्य

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राज्य न्यायालयांचे न्यायाधीश गव्हर्नर नेमतो आणि ठरावीक काळाने मतदार त्यांना पदावर ठेवायचे की नाही, एवढेच सांगतात. त्याआधी घरपोच येणाऱ्या ‘ब्लू बुक’ पुस्तिकेत, १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगांचे मूल्यमापन असते. निकाल लोकांना रुचला की नाही हे न पाहता सचोटी, कायद्याचे ज्ञान आणि न्यायासनावरील वर्तन तपासले जाते, हे या सेवेचे खरे बळ. आयोवा या दुसऱ्या अमेरिकी राज्यात २०१० मध्ये समलिंगी विवाहाच्या निकालावरून तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी पाठवले, ते आठवले की याचे मोल कळते. तक्रार एकच: जवळजवळ सर्वांनाच ‘निकष पूर्ण’ असा शेरा मिळतो, त्यामुळे उत्तम आणि जेमतेम यांतला फरक आपणच मजकुरातून शोधावा लागतो.