वॉलआयसाठी रबरी आमिष: पॅडलटेल की सरळ शेपटी?

मिनेसोटात नुकताच गळ टाकू लागलेला भाचा विचारतोय, "मामा, वॉलआयसाठी पॅडलटेल घेऊ की सरळ शेपटीचं?" वॉलआय म्हणजे तिथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि पॅडलटेल म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचं आमिष. दोन्ही तीन-चार इंचांची मऊ आमिषं, दोन्ही जिगवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर, ओवायची. किमतीत फारसा फरक नाही. पाकिटावरचे दावे सोड, पाणी बघ.

पॅडलटेल सावकाश ओढत आणलं तरी शेपूट आपोआप फडफडते. ती थरथर गढूळ पाण्यात आणि अंधारात माशाला जाणवते, आणि वॉलआय तर कातरवेळी नि रात्रीच जोरात खातो. उन्हाळ्यात तो पाठलागही करतो, तेव्हा हेच उत्तम.

सरळ शेपटी स्वतःहून जवळजवळ काहीच करत नाही. सगळं काम मनगटाचं. हलका झटका द्यायचा, मग आमिष खाली जाऊ द्यायचं, पण तंगूस पूर्ण ढिला सोडायचा नाही. मासा बऱ्याचदा ते पडतानाच उचलतो आणि बोटाला नुसतं 'टक्' जाणवतं. बर्फ वितळल्यानंतरच्या गार, नितळ पाण्यात हा संथपणा फार कामी येतो.

टिकाऊपणात सरळ शेपटी पुढे. वॉलआयच्या सुळ्यांनी पॅडलटेलची शेपूट देठाशी तुटली की ते निकामी. सरळ आमिषाचं फाटलेलं डोकं कापून पुन्हा ओवता येतं.

रंग बदलण्याआधी जिगचं वजन बदलून बघ, माझ्या मते फरक तिथे जास्त पडतो.

नवखं तळं पटापट चाळायचं असेल तर पॅडलटेल घे. सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे दिसतायत पण तोंड लावत नाहीत, तिथे सरळ शेपटी.