जलनेती की नस्य? माझ्या चोंदलेल्या नाकाचा अनुभव

परळची धूळ आणि ऑफिसचा एसी, यात माझं सायनस बारा महिने चोंदलेलं, म्हणून दोन्ही करून बघितलं. जलनेती खरं तर हठयोगाच्या षट्कर्मातली (शरीरशुद्धीच्या सहा क्रिया), पण वैद्यही सांगतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात पाऊण चमचा मीठ, मान तिरकी करून एका नाकपुडीत ओतायचं, दुसरीतून धार येते आणि सोबत जो चिकट पिवळा शेंबूड निघतो ना, किळस येते पण डोकं एकदम हलकं. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच, नळाचं डायरेक्ट अजिबात नको, त्यात अमीबा असला आणि नाकातून मेंदूत गेला तर जीवावर बेततं. नंतर वाकून नाक नीट मोकळं करा, नाहीतर लोकलमध्ये वाकलात की टपकतं (झालंय माझं).

नस्य म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं, आयुर्वेदाच्या पंचकर्मातलं. घरी दोन्ही नाकपुड्यांत अणुतेलाचे दोन-दोन थेंब, आधी चेहऱ्याला शेक, घशात उतरेल ते थुंकायचं. कोरड्या नाकाला, खपल्यांना मस्त, पण नाक गच्च असेल तर तेल आत जातच नाही. ताजी सर्दी, ताप असताना नकोच.

मी पावसाळ्यात नेती, एसीच्या दिवसांत तेल. कान दुखायला लागला की दोन्ही बंद, सरळ ईएनटीकडे.