बिल्ट-इन ओव्हन बदलला, पण खरं काम निघालं वायरिंगचं (इंदूर, सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर)

ओव्हन चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या) सगळीकडून सारखे भाजले जातात, दार नीट बंद होतं, पंख्याच्या आवाजाची सवय होते. लिहायचंय ते त्याच्या मागच्या वायरबद्दल, कारण दुकानात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

जुना ओव्हन 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 9 अँपिअर. नवा 3300 वॅटचा, 14 च्या वर. कपाटातला खण तोच, म्हणून बसवायला आलेला मुलगा जुन्याच 16 अँपिअरच्या सॉकेटला जोडायला निघाला होता. आमच्या नेहमीच्या लाइटवाल्या काकांनी आधी ते सॉकेट उघडायला लावलं. फेजचा स्क्रू ढिला, त्याच्यापाशी लाल वायर तपकिरी पडून कडक झालेली. नखाने टोकरलं तर वरचं प्लास्टिक पापुद्र्यासारखं निघत होतं. शिवाय त्याच 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरवर मायक्रोवेव्हही. दोन्ही एकदम लावले की 20 अँपिअरच्या घरात गेलेच.

काकांनी डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-पेटीपासून) वेगळी लाइन ओढली: 4 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी-टाइप एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि शेवटी डीपी स्विच, ज्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. स्विच ओव्हनच्या मागे नाही, शेजारच्या कपाटात. मागे असता तर बंद करायला ओव्हनच ओढून काढावा लागला असता! वायरच्या टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून मगच स्क्रू आवळले. घराचा मंजूर लोडही वाढवून घेतला. टाइल फोडावी लागली नाही, एवढंच नशीब.

पावसाळ्यात मात्र वैताग आला. बरेच दिवस ओव्हन लावला नव्हता. लावला की आरसीसीबी (करंट कुठे गळला तर वीज तोडणारा स्विच) पडायचा आणि अख्खं घर अंधारात. काका गावी गेलेले, म्हणून दुसऱ्याला बोलावलं. त्याने शांतपणे सुचवलं, अर्थिंगची वायर काढून टाकू, ट्रिप होणार नाही. मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. अर्थिंग काढलं की गळणाऱ्या करंटला जायला जागा उरते ती दाराच्या हँडलवरच्या हाताची. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असतो. काकांनी परतल्यावर मेगर (करंट गळतोय का ते मोजणारं यंत्र) लावला, खालच्या कॉइलचं रीडिंग फारच कमी आलं. कॉइलच्या आत जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल धरते म्हणे. कंपनीने वॉरंटीत कॉइल बदलून दिली, पण त्यासाठी फोन करकरून जीव मेटाकुटीला आला. आता पावसाळ्यात अधूनमधून ओव्हन रिकामाच थोडा तापवून घेते.

आणखी एक. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 210 पर्यंत उतरतं, तेव्हा 3300 चे 2750 वॅटच उरतात आणि तापायला वेळ लागतो. ओव्हन बिघडलाय असं समजून तक्रार करू नका.

परवा काकांकडून टर्मिनल पुन्हा तपासून घेतले. तापून-निवून एक स्क्रू पाव आटा ढिला झाला होता, बाकी वायर नव्यासारखी.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मॅन्युअलसाठी: केक-पिझ्झाचे फोटो पानंच्या पानं, पण वायर किती जाडीची आणि एमसीबी कितीचा, याची एक ओळ नाही.