छोटी नाणी जमवताना: विक्रमी सोनं, ग्रीक चांदी, यंत्राची चांदी की तारेचे कोपेक?

जगभरातली अगदी छोटी नाणी जमवायची ठरवलं की पहिला घोळ होतो तो छोटं कशाला म्हणायचं यावरून. व्यास मोजायचा की वजन? थायलंडचं ॲल्युमिनियमचं 1 सतांगचं नाणं 15 मिमीचं, पण वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पनामाचं 1904 चं अडीच सेंटेसिमोचं नाणं फक्त 10 मिमीचं आणि तरीही त्याच्या दुपटीहून जड, कारण ते चांदीचं. मी व्यास धरतो आणि 16 मिमीला रेघ मारतो. युरोचा 1 सेंट 16.25 मिमीचा, म्हणजे केसभराने बाहेर. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. कुठेतरी थांबलं नाही तर जगातली सगळी चिल्लर घरात येईल.

विक्रमी सोन्याचं आधी उरकून घेऊ. स्वित्झर्लंडच्या टांकसाळीने 2020 मध्ये 2.96 मिमी व्यासाचं, 0.063 ग्रॅम वजनाचं सोन्याचं पाव फ्रँकचं नाणं आणलं. त्यावर जीभ बाहेर काढलेला आइनस्टाइन आहे आणि तो दिसावा म्हणून खास भिंगही बनवलं. नग फक्त 999. बघायला मजा येते, पण हे नाणं कुणी कधी सुटे पैसे म्हणून मोजून दिलेलं नाही. अर्ध्या ग्रॅमच्या, 11 मिमीच्या ज्या सोन्याच्या नाण्यांच्या जाहिराती दिसतात त्यांचंही तेच. सोन्याच्या भावापेक्षा घडणावळ आणि डबीचेच पैसे जास्त. छोटेपणाचंच आकर्षण असेल तर 18 व्या शतकातल्या काठमांडूच्या जयप्रकाश मल्लाचा चांदीचा पाव जवा हे नाणं बघा. चांदीचा जेमतेम 2 मिमीचा तुकडा, वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. फक्त नवख्याने तो विकत घेण्याच्या फंदात पडू नये. इतक्याशा चांदीत अस्सल काय आणि पत्र्याची कात्रण काय, हे ओळखायला आधी बरीच नजर बसावी लागते.

प्राचीन ग्रीक चांदी सगळ्यांत देखणी. अथेन्सचं पाव ओबोलचं नाणं साधारण 0.18 ग्रॅमचं. तिथले लोक असली चिल्लर चक्क गालात ठेवून बाजारात जात. पण नकली माल भरपूर, आणि अनेक देशांत पुरातन नाणी बाहेर नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत. नाणं कुठून आलं याचे कागद नसतील तर हात लावू नये. ही वाट दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

खरी निवड उरलेल्या दोन वाटांत आहे.

एक, यंत्रावर पाडलेली 19 व्या-20 व्या शतकातली चांदी. अमेरिकेचं 3 सेंटचं नाणं (14 मिमी, 0.8 ग्रॅम), नेदरलँड्सचं 5 सेंटचं (12.5 मिमी), ब्रिटनची चांदीची पेनी (11 मिमी), जी ईस्टरआधीच्या गुरुवारी राजघराण्याकडून दान देण्यासाठी आजही पाडली जाते. इथे देश, किंमत, साल सगळं नाण्यावर छापलेलं. कॅटलॉगशी ताडून बघता येतं, ठरलेलं वजन माहीत असतं, त्यामुळे फसवणूक लवकर पकडली जाते. शिवाय प्रत्येक नाण्यामागे काही ना काही कारण सापडतं. अमेरिकेचं 3 सेंट 1851 मध्ये आलं, कारण त्याच वर्षी टपालाचा दर 3 सेंटवर उतरला. लोकांनी ते वितळवू नये म्हणून सुरुवातीला त्यात चांदी फक्त 75 टक्के ठेवली होती. खोट एकच: पातळपणा. वाकलेली, दागिन्यासाठी भोक पाडून नंतर बुजवलेली नाणी सर्रास मिळतात. तिरप्या उजेडात धरून फिरवा; बुजवलेल्या जागी चमक वेगळी पडते.

दोन, रशियाचे तारेचे कोपेक. 1535 च्या नाण्यांच्या सुधारणेनंतर थेट त्सार (रशियाचा राजा) पीटर पहिल्याच्या काळापर्यंत, 1718 पर्यंत, हे असेच पाडले गेले. चांदीची तार ओढायची, तुकडे करायचे, ठोकून चपटे करायचे आणि त्यावर छाप मारायची. नाणं टरबुजाच्या बीसारखं लांबट होतं. एका बाजूला भाला घेतलेला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला चार-पाच ओळींत त्सारचं नाव. गंमत अशी की छाप नाण्यापेक्षा मोठी असायची. त्यामुळे एका नाण्यावर नावाचा डावा भाग येतो, दुसऱ्यावर खालच्या दोन ओळी, तिसऱ्यावर घोड्याचे फक्त पाय. पूर्ण नाव वाचायला एकाच त्सारची कितीतरी नाणी शेजारी ठेवावी लागतात. वजन 0.68 ग्रॅमपासून घसरत पीटरकडे 0.28 वर आलं. पीटरच्या नाण्यांवर घोड्याखाली साल आहे, पण अंकांत नाही, सिरिलिक म्हणजे रशियन लिपीच्या अक्षरांत. अमाप पाडली गेल्याने ही नाणी त्यांच्या वयाच्या मानाने स्वस्त मिळतात.

माझा कौल कोपेकला. यंत्राच्या चांदीत दोन नाण्यांत फरक फक्त सालाचा. कोपेकमध्ये एकासारखं दुसरं नसतं. मात्र संध्याकाळी दमून आल्यावर अर्धा तास शांतपणे अल्बम भरायचा असेल, अक्षरं जुळवत बसायची हौस नसेल, तर बिनदिक्कत यंत्राची चांदी घ्या. आणि दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानची चक्रम नावाची चांदीची नाणी दिसली तर दोन्ही गटांतल्यांनी थांबून बघावं. ती इतकी बारीक की मोजायला खळगे पाडलेली लाकडी फळी वापरत: नाणी ओतायची, फळी हलवायची, एका खळग्यात एकच बसतं.

वाट कोणतीही धरा, खर्च आधी काट्यावर करा. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा 0.18 ग्रॅमच्या नाण्याला पुरत नाही. शेवटच्या एका अंकाची चूक म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक. 0.001 ग्रॅम दाखवणारा घ्या. नेहमीच्या अल्बमच्या खणात ही नाणी घरंगळतात आणि पिना मारून बंद केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत त्या पिनांवर घासतात, म्हणून आत फोमची कडी असलेल्या छोट्या कॅप्सूल बऱ्या. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळाच, चांदीवर हिरवट चिकट थर येतो.