तीन मजली मातीचा कंपोस्टर घ्या, पण सोबतच्या पावडरचा पुडा राहू द्या

एकावर एक ठेवलेली तीन मडकी, अंगाला भोकं, वर झाकण, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायची बस एवढीच वस्तू आहे ही. बंगळुरूच्या डेली डंप या कंपनीनं 'खंबा' म्हणून ही आयडिया लोकांपर्यंत नेली आणि आता तशाच धर्तीचे कंपोस्टर नर्सरीत, प्रदर्शनात, ऑनलाइन सगळीकडे दिसतात. माझा पुण्यातल्याच एका दुकानातून घेतलेला आहे, दुकानाचं नाव घेत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणारे. वर्ष उलटून गेलं वापरतेय, घरात चार माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच, आणि गॅलरी एवढीशी की कंपोस्टर, वॉशिंग मशीन आणि मी अशा तिघांना एकावेळी तिथं उभं राहता येत नाही.

आधी चालतं कसं ते सांगते, कारण दुकानदार नीट सांगत नाहीत. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा आणि दरवेळी त्यावर सुकं काहीतरी पसरायचं. ते भरलं की मधे ठेवायचं आणि मधलं रिकामं वर घ्यायचं. तेही भरलं की पहिल्यातला अर्धवट कुजलेला माल सगळ्यात खालच्या मडक्यात ओतायचा, तिथं तो आपला निवांत मुरत बसतो. आमच्याकडे एक मडकं भरायला महिनाभर तरी लागतो कारण कचरा कुजता कुजता खाली बसत जातो, आणि हातात घ्यायच्या लायकीचं खत मिळायला दोन-तीन महिने धरा. "३० दिवसांत खत तयार" असं बॉक्सवर छापलेलं असतं, त्याकडे बघू नका.

आता मुख्य मुद्दा. सगळा खेळ सुक्या मालाचा आहे. भाजीच्या देठात, सालात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, सुक्या पानांत कार्बन, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन लागतो नायट्रोजनच्या २५-३० पट, शिवाय हवा लागते. नुसता ओला कचरा टाकत गेलात तर त्याचा लगदा होतो, हवा कोंडते आणि मग घाण वास सुटतो. म्हणून जेवढा ओला तेवढाच सुका, पावसाळ्यात थोडा जास्तच. मूठभर माल हातात घेऊन दाबला तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून पाला घाला, भुगा उडाला तर पाण्याचा हबका मारा. एवढं जमलं की "वास येतो का हो?" या सगळ्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्याच होत्या, "अगं, उकिरडा घराबाहेर असतो, तू घरात काय आणतेस?" आता त्याच कोणी झाकण उघडं टाकलं तर ओरडतात.

तर सुका माल दुकानदार विकतो तो घ्यायची अजिबात गरज नाही. सोसायटीचा माळी रोज पाला झाडून ढीग करतो, त्याला सांगून एक पोतं भरून घ्यायचं. दसऱ्यानंतर तर घराघरांत आपट्याची पानं वाळत पडलेली असतात, त्याच्यासारखा माल नाही. झेंडूचे हारही चालतात, फक्त दोरा आणि ती चमकी आधी काढा. अगदीच काही नाही मिळालं तर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट आणा, ५ किलोची एक वीट भिजवली की ७० लिटरच्या आसपास फुगते, बरेच दिवस पुरते. सुताराकडचा भुसा लोक आणतात पण तो प्लायवूडचा नाही ना ते विचारा, त्यात गोंद असतो.

आणि तो पावडरचा पुडा, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं 'कल्चर'. कंपोस्टरसोबत एक फुकट देतात आणि मग दर महिन्याला घ्या म्हणून मागे लागतात, मला तर मेसेज यायचे, "मॅडम, कल्चर संपलं असेल". कुजवणारे जिवाणू सालांवर, पाल्यावर, मातीत सगळीकडे असतातच हो. सुरुवात करताना आंबट ताकाचे दोन-चार चमचे पाण्यात कालवून शिंपडा, आणि पहिलं खत निघालं की त्यातलंच ओंजळभर नव्या मडक्यात टाकत जा. पुडा बंद केल्यापासून काडीचा फरक पडलेला नाही. पैसे कमवायची जागा ती आहे, मडकं नाही.

तक्रारी पण आहेत. एक तर आलं तेव्हाच एका मडक्याची कड फुटकी होती, बदलून मागितलं तर "माती आहे मॅडम, एवढं चालायचंच" हे उत्तर. वरच्या मडक्यांच्या तळाला विणलेली काथ्याची दोरी असते, ती ओलीत राहून राहून कुजतेच, ते तर व्हायचंच पण बदलायची कशी याचा पत्ताच नव्हता, शेवटी नायलॉनची जाळी आणून मीच बांधली. मातीच्या अंगावर बाहेरून पांढरे क्षार फुटतात, त्यानं काही होत नाही पण दिसतं कळकट. खाली ताट किंवा परात ठेवाच नाहीतर पाझरलेल्या पाण्याचा डाग फरशीवरून जात नाही. आणि वजन! भरलेलं मडकं एकट्यानं उचलायचा हट्ट नका करू.

चिलटं येतात, विशेषतः आंब्याच्या दिवसांत, वर सुक्या पाल्याचा जाडसर थर दिला की कमी होतात. अळ्या दिसल्या तर बहुतेक जण कंपोस्टरच विकायला काढतात. करड्या, चपट्या, जाडसर असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या, त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर फस्त करतात. दिसायला ओंगळ आहेत हे मान्य, झाकण लावा आणि बघू नका.

काय टाकायचं नाही हे अनुभवानं ठरतं. आंब्याच्या कोयी, करवंट्या, कणसाची बुरखुंडं वर्षभरानंही जशीच्या तशी निघतात. चावलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा पण हट्टी. मटारच्या सीझनला मडकं आठवड्यात काठोकाठ होतं, टरफलं आधी उन्हात टाकून मग घाला. शिळी आमटी, तेलकट भाजी थोडी असेल तर पाल्यात कालवून चालते, पातेलंभर नको. टी बॅगमध्ये बऱ्याचदा प्लास्टिक असतं, फाडून नुसती चहापत्ती टाका.

फायदा काय झाला म्हणाल तर कुंड्यांना खत हे आहेच, पण आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात दारात कचरा घ्यायला, त्यांना आता ओलं जवळपास काहीच द्यावं लागत नाही. सुका कचरा कोरडा राहतो म्हणजे त्यांना तो भंगारात नीट विकता येतो, ओल्यात बरबटलेल्या कागदाला कोण विचारतंय? त्या नादानं अजून एक सवय लागली, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकू द्यायचा. तो एवढासा तुकडा वेचता येत नाही, गटारात जातो. पिशवी धुवून वाळवून मग सुक्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे हातानं वेचणाऱ्या बाईला न उघडता कळतं. कचरा वेगवेगळा करून देणं २०१६ च्या नियमांपासून घरटी बंधनकारकच आहे, पण आमच्या मजल्यावर ते कोणाच्या गावीही नाही. कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांनी इतकी वर्षं पुण्याच्या कचऱ्याचा वास सोसला, आंदोलनं केली, आणि आपल्याला दोन डबे ठेवायचा कंटाळा!

घ्यावा की नाही? घरी स्वयंपाक होत असेल तर घ्या. एकटे राहून रोज बाहेरून मागवणाऱ्यांना यात टाकायला काही मिळणार नाही. आणि खात्री नसेल तर आधी घरातला गळका माठ नाहीतर रंगाची रिकामी बादली घ्या, भोकं पाडा, पाला घाला, दोन महिने करून बघा, जमलं तर मग पैसे घाला. माठात झालेलं खत काही वेगळं नसतं. तीन मडक्यांचा फायदा एवढाच की जागा कमी लागते आणि भरणं-मुरणं एकाच ठिकाणी चालू राहतं. साइज मधला घ्या, चार माणसांना भरपूर होतो, मोठ्याच्या मडक्याला हात घालाल तर कंबर धरून बसाल.