जुन्या नकाशांतून किल्ल्याचा माग: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची मोफत सेवा

गडकोटांचं वेड असेल आणि इंग्लंडात राहत असाल, तर जुना नकाशा आणि जमिनीचा आजचा आकार शेजारी-शेजारी दाखवणारी ही ऑनलाइन सेवा नक्की वापरा. पैसे लागत नाहीत.

मी केंब्रिजजवळचं रॅम्प्टन गाव उघडलं. तिथल्या 'जायंट्स हिल'ला बाराव्या शतकातला अर्धवट राहिलेला किल्ला म्हणतात. डावीकडे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा सहा इंची (एका मैलाला सहा इंच) जुना नकाशा, उजवीकडे लायडार. विमानातून सोडलेल्या लेसरनं मोजलेली जमीन, झाडं-झुडपं वगळून. चौकोनी उंचवटा, भोवती रुंद खंदक आणि लगतच जुन्या वस्तीच्या खुणा स्वच्छ दिसतात. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो!

पण लायडार आकार सांगतं, वय सांगत नाही. जवळच्या बरवेल गावी इंग्लंडच्या स्टीफन राजानं जेफ्री द मँडव्हिल या बंडखोर सरदाराविरुद्ध किल्ला बांधायला घेतला होता, आणि त्या किल्ल्यावर चालून गेलेला जेफ्री 1144 मध्ये तिथेच प्राणघातक जखमी झाला. रॅम्प्टनचा उंचवटा त्याच मोहिमेतला मानतात, तो मुख्यतः बरवेलशी असलेल्या साम्यावरून. मला तर्क पटतो, तरी तो तर्कच. खंदक तर साध्या जमीनदाराच्या वाड्याभोवतीही असत, विशेषतः 1250 ते 1350 या काळात.

जुन्या नकाशांवर प्राचीन अवशेषांची नावं गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात, आधी तीच शोधा. मोबाईलपेक्षा मोठ्या पडद्यावर बघा. बारीक चढउतार तिथेच कळतात. पाचपैकी पाच तारे.