ठिबकचे आठ महिने: ड्रिपरखाली वाटी ठेवली तेव्हा कळलं

घरामागच्या चार वाफ्यांना आणि अठरा कुंड्यांना ठिबक बसवून आठ महिने झाले. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी १६ मिमीची मुख्य नळी, तिच्यातून फुटणाऱ्या ४ मिमीच्या बारीक नळ्या, थेंबथेंब करत ताशी ४ लिटर पाणी सोडणारे ड्रिपर आणि बॅटरीवरचा टायमर, एवढाच पसारा. जोडणीला एक दुपार पुरली. नळीचं वेटोळं आधी उन्हात टाकलं की ती सरळ होते, आणि टोक गरम पाण्यात बुडवलं की नळ्या जोडणारा जॉइनर मुकाट्याने आत जातो. हे मला निम्मी जोडणी झाल्यावर आणि अंगठा सोलल्यावर सुचलं.

पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास पाणी सोडत होते. हिशेब सोपा, प्रत्येक झाडाला दोन लिटर. तरी मिरची दुपारी माना टाकायची. शेवटी एका ड्रिपरखाली वाटी ठेवली आणि ती भरेल तशी मापात ओतत गेले. अर्ध्या तासात जेमतेम एक लिटर! ड्रिपरवरचा आकडा १ बार दाबाचा असतो, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा. माझी टाकी वाफ्यांपासून तीन मीटरच उंच. साध्या ड्रिपरचा प्रवाह ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे चारचे सव्वादोनच मिळत होते. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर आणायचं मनात होतं, पण त्यांनाही काम करायला किमान दाब लागतोच. वेळ दुप्पट केली, मिरची सुधारली.

टायमरनेही हाच धडा दिला. पहिला सोलेनॉइड व्हॉल्व्हचा होता, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा, पण त्यासाठी पाण्याचा दाबही लागणारा. टाकीच्या दाबावर तो टिक करायचा, पण पाणी काही पुढे जायचं नाही. बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आतला भोकाचा गोळा मोटरने फिरवून दाबाशिवायही उघडणारा घेतला तेव्हा प्रश्न मिटला. टाकीवर ठिबक चालवणार असाल तर खरेदीआधी एवढं नक्की पाहा.

फिल्टरला पर्याय नाही. माझा १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांचा) जाळीचा आहे, आठवड्याला धुते. पंधरवड्याला नळीचं टोक उघडून पाणी सोडते. पहिले काही क्षण गढूळच येतं. पाणी जड असल्यामुळे चौथ्या महिन्यात ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमला. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले, बहुतेक मोकळे झाले. तीन फेकावे लागले.

सगळ्यात जास्त फसवलं ते मातीने. वरून वाफा कोरडा दिसतो आणि हात नळाकडे जातो. खुरपीने उकरलं तर खाली कांद्याच्या आकाराचा ओलावा. भारी मातीत तो आडवा पसरतो, रेताड मातीत सरळ खाली उतरतो. आता बोटभर खोल वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, बघूनच पाणी ठरवते. पालापाचोळ्याचं आच्छादन घातल्यापासून वाफ्यांना एक दिवस आड पाणी पुरतं. मोठ्या कुंडीत मात्र एका ड्रिपरने एकाच बाजूला ओल राहते. तिथे समोरासमोर दोन लावले.

पान भिजत नाही, त्यामुळे टोमॅटोवर करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) यंदा कमी दिसला. काकडीवर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आलीच. तिला पान ओलं असावं लागतं असं नाही. पाणी नियमित मिळाल्याने टोमॅटो तडकणंही कमी झालं, आणि दोन ओळींमधली जागा कोरडी राहत असल्याने खुरपणी जवळजवळ निम्म्यावर आली. पालक, कोथिंबीर, गाजर पेरताना मात्र ठिबक कामाचं नाही. बी सगळीकडे पडलेलं, पाणी ठिपक्यांत. रोपं वर येईपर्यंत झारीच.

‘टायमर आहे, आता निवांत’ म्हणून मी पाच दिवस बाहेर गेले आणि खारीने बारीक नळी कुरतडली. परत आले तर एका वाफ्यात चिखल, त्याच्या पुढच्या सहा कुंड्या कोरड्या ठणठणीत. तेव्हापासून भोक बुजवायचे प्लग डब्यात भरून ठेवलेत, आणि रोज सकाळी नळीच्या कडेने एक फेरी असतेच. पाऊस आला तर टायमरही हातानेच बंद करावा लागतो.

जोडणी पुन्हा करायची झाली तर एकच गोष्ट बदलेन. कुंड्यांना रोज थोडं पाणी लागतं, वाफ्यांना दिवसाआड भरपूर, आणि माझ्याकडे दोघांना मिळून एकच लाइन आहे. सध्या वाफ्यांकडचा कॉक एक दिवस आड हाताने बंद करते. दुसऱ्या टायमरसाठी टाकीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) बसवून ठेवला आहे. तूर्त त्याच्या एका तोंडाला बूच आहे.